आवाज तोच, रेकॉर्डिंग दुसरं: सोल म्युझिकवाल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सोलच्या जुन्या गायकांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, की यातल्या बऱ्याच जणांनी उतारवयात स्वतःचीच गाजलेली गाणी परत रेकॉर्ड केली आणि ती जमवणं हा वेगळाच छंद आहे. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नाशकात इतके लोक हे ऐकतात हे बघून फार बरं वाटलं. ज्यांना सोल म्हणजे काय असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं चर्चमधलं गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज यांच्यातून १९५०-६०च्या दशकांत घडलेलं गाणं. डेट्रॉइटची मोटाऊन, मेम्फिसची स्टॅक्स, न्यूयॉर्कची अटलांटिक ही त्यातली मोठी लेबलं.

प्रश्न: बुधवारच्या बाजारात गोदाकाठी जुन्या सामानात एक सीडी मिळाली, वर 'ओरिजिनल आर्टिस्ट्स' असं लिहिलंय. त्यात पर्सी स्लेजचं 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन' आहे, पण मी कॉलेजात असताना कॅसेटवर जे ऐकायचो ते हे नाहीच. आवाज त्याचाच वाटतो पण बाकी सगळं वेगळं. डुप्लिकेट आहे का? टाकून देऊ का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: टाकून अजिबात देऊ नका! आवाज त्याचाच असणार. पर्सी स्लेजने हे गाणं नंतरच्या काळात बऱ्याचदा परत रेकॉर्ड केलं आणि तसल्या रेकॉर्डिंगांवर शेकडो स्वस्तातली कलेक्शन्स निघाली. कव्हरवरचं 'ओरिजिनल आर्टिस्ट्स' हे तसं खोटं नाही, माणूस ओरिजिनल आहे पण रेकॉर्डिंग ओरिजिनल नाही, आणि ही गोष्ट मागच्या बाजूला बारीक टायपात लिहिलेली असते किंवा नसतेही. मला यातली फक्त ही लपवाछपवी पटत नाही, पुढे स्पष्ट लिहा ना की नवीन रेकॉर्डिंग आहे म्हणून, घेणारा तरीही घेईल.

आता तुमची कानाची शंका बरोबर होती का ते असं तपासा. मूळ रेकॉर्डिंग १९६६चं, अलाबामामधल्या शेफील्ड गावी क्विन आयव्ही नावाच्या माणसाच्या छोट्या स्टुडिओत झालेलं. स्लेज तेव्हा हॉस्पिटलमध्ये ऑर्डर्लीचं, म्हणजे वॉर्डबॉयसारखं काम करायचा. सुरुवातीला स्पूनर ओल्डहॅमचा फारफिसा ऑर्गन येतो, लांब लांब धरलेले सूर, त्यावर स्लेज एकदम वरच्या पट्टीत आवाज लावतो. आणि शेवटाकडे ब्रास म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन येतात ना, ते नीट ऐका, किंचित बेसूर आहेत! याची गोष्ट अशी सांगतात की अटलांटिकचा निर्माता जेरी वेक्सलर याला तो बेसूरपणा खटकला, त्याने ब्रास परत वाजवून घ्यायला सांगितलं, तसं केलंही, पण छापायला गेली ती जुनीच टेप, आणि तेच गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं. नंतरच्या रेकॉर्डिंगांमध्ये ब्रास अगदी सुरात असतात, काही ठिकाणी तर ते सिंथेसायझरवरचेच असतात, त्यामुळे माझ्यासाठी ही सगळ्यात भरवशाची खूण, ब्रास सुरात असतील तर रेकॉर्डिंग नंतरचं. शिवाय ड्रम बघा. साठच्या दशकात सगळे एका खोलीत बसून वाजवायचे त्यामुळे ड्रमचा आवाज खोलीतून आल्यासारखा येतो, ऐंशीच्या दशकातला ड्रम मोठा आणि घुमणारा, डिजिटल रिव्हर्ब लावलेला.

आणखी एक करता येईल, घरी हार्मोनियम असेल तर पट्टी जुळवून बघा. वय झालं की वरचे सूर जड जातात म्हणून गायक पट्टी खाली घेतात, एक-दोन सूर सहज. फक्त हे एलपीवरून तपासत असाल तर आधी टर्नटेबलचा स्पीड बघा, कारण तबकडी सहा टक्के हळू फिरली तरी सगळं गाणं अर्ध्या सुराने खाली येतं आणि आपण उगाच गायकाचं वय काढत बसतो. गाणं एकूण किती मिनिटांचं आहे आणि शेवटी आवाज हळूहळू विरतो की एकदम थांबतो, हेही जुळवून बघा, दोन्ही वेगळं निघालं तर विषय संपला.

आता या गायकांनी हे का केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या काळच्या करारात मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची टेप, कंपनीच्या मालकीची असायची, गायकाला रॉयल्टी मिळायची ती थोडी आणि तीही स्टुडिओचा वगैरे खर्च वळता करून. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आजही मिळत नाहीत. पर्सी स्लेजचंच बघा, या गाण्यावर लेखक म्हणून नावं आहेत कॅल्व्हिन लुईस आणि अँड्र्यू राइट यांची, स्लेज म्हणायचा की चाल माझी होती पण मी ती त्यांना देऊन टाकली, म्हणजे जगातल्या सगळ्यात जास्त वाजलेल्या प्रेमगीतांपैकी एक गाणारा माणूस आणि त्याच्या हातात ना मास्टर ना लेखनाचा हक्क. मग त्याला राहतं काय तर आवाज. करारात साधारण अशी अट असायची की रेकॉर्डिंगपासून पाच वर्षं किंवा करार संपल्यावर दोन वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत तेच गाणं दुसरीकडे रेकॉर्ड करायचं नाही. ती मुदत संपली की गायक मोकळा. गाणं लिहिणाऱ्याची ठरलेली रॉयल्टी भरली की स्वतःचं गाणं स्वतः परत गाता येतं, जुन्या कंपनीला विचारायची गरज नाही, कारण अमेरिकेच्या कायद्यात रेकॉर्डिंगवरचा हक्क त्याच टेपपुरता असतो, तसंच दुसरं कुणी गायलं तर त्यात अडवता येत नाही. के-टेलसारख्या, स्वस्तातली कलेक्शन्स विकणाऱ्या कंपन्यांनी मग अशा गायकांना बोलावून त्यांचे हिट परत गाऊन घेतले, सिनेमा आणि जाहिरातवाल्यांनाही ते सोयीचं पडलं, कारण जुनं मास्टर महाग. हल्लीच्या मुलांना टेलर स्विफ्टमुळे हे माहितीये, तिने २०२१पासून जुने अल्बम परत रेकॉर्ड करून काढले ते मास्टर दुसऱ्यांच्या हाती गेले म्हणूनच, फक्त तिच्याकडे वकील होते आणि जगभरचे फॅन होते, या लोकांकडे त्यातलं काहीच नव्हतं.

म्हणून म्हणतो ती सीडी ठेवा. आणि ओरिजिनलही मिळवा, दोन्ही एकामागून एक ऐका.

प्रश्न: ॲपवर एकाच गाण्यापुढे कुठे 'रीमास्टर्ड' लिहिलेलं असतं कुठे 'री-रेकॉर्डेड'. एकच ना?
– सिडकोमधून

उत्तर: नाही हो. रीमास्टर्ड म्हणजे जुनीच टेप, तिच्यावरून नव्याने साफसफाई करून, आवाजाची पातळी वगैरे नीट करून काढलेली कॉपी. गाणारा त्या दिवशी जसा गायला तसाच. री-रेकॉर्डेड म्हणजे गायक परत स्टुडिओत गेला आणि परत गायला. गंमत अशी की काही ठिकाणी दोन्ही शब्द एकदम लिहिलेले असतात, म्हणजे नंतरचं रेकॉर्डिंग आणि त्याचं पुन्हा रीमास्टर. खाली गोलात पी अक्षर आणि वर्ष असतं त्यावर पूर्ण विसंबू नका, बऱ्याचदा ते कलेक्शन कधी निघालं त्याचं वर्ष असतं, रेकॉर्डिंगचं नाही.

प्रश्न: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ऐन भरातला आवाज उपलब्ध असताना थकलेल्या आवाजातली गाणी जमवायची कशासाठी? मी आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकत आलोय, आमच्यात तरी गायकाचा चांगला काळ बघूनच रेकॉर्ड घेतात.
– पंचवटीतले एक ज्येष्ठ वाचक

उत्तर: राग कसला काका, उलट हा प्रश्न यायलाच हवा होता. पण तुमच्याच घरात डोकावून बघू. गीतरामायण १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक असं झालं, छप्पन्न गाणी, तेव्हा ती वेगवेगळ्या गायकांनी गायली होती, माणिक वर्मा होत्या, लताबाई होत्या, वसंतराव देशपांडे होते. पण घराघरांत पुढे जे वाजत राहिलं ते बाबूजींनी नंतर एकट्याने सगळं गाऊन केलेलं रेकॉर्डिंग. आपण कुणीही त्याला नक्कल म्हणत नाही. आणि बाबूजी ते कार्यक्रमांतून वर्षानुवर्षं गात राहिले, लोक त्यांचं वय झाल्यावरही ऐकायला गेलेच ना, तेव्हा कुणी म्हटलं का की पहिलाच आवाज बरा होता, आता कशाला?

सोलमध्ये तर हे अजूनच खरं आहे, कारण ते गाणं अनुभवाचं आहे. पंचविशीतला माणूस 'प्रेमात माणूस सगळं गमावतो' म्हणतो तेव्हा तो जोर लावून म्हणतो, तोच माणूस पन्नाशी-साठीत तेच म्हणताना जोर लावत नाही, सूर सोडून थोडं बोलल्यासारखं म्हणतो, ओळ बीटच्या मागे ठेवतो, दमसास कमी पडतो म्हणून वाक्य मधेच तोडतो आणि नेमक्या त्या तोडण्यात कधीकधी असा अर्थ निघतो जो मूळ गाण्यात नव्हता. प्रत्येक वेळी नाही निघत हे मान्य. बरीचशी री-रेकॉर्डिंग्ज घाईत, एका दिवसात दहा-बारा गाणी उरकायची अशा हिशोबाने केलेली आहेत आणि ती ऐकवत नाहीत, मी काही त्यांची वकिली करत नाही. पण मेरी वेल्सचं उदाहरण देतो. 'माय गाय' १९६४चं, मोटाऊन, स्मोकी रॉबिन्सनने लिहिलेलं, तिचा आवाज त्यात इतका हलका आणि गोड की ऐकताना हसू येतं चेहऱ्यावर. त्याच सुमारास तिने मोटाऊन सोडलं आणि परत तसं यश आलं नाही. १९८३ला तिने जुने हिट परत गायले एका छोट्या लेबलसाठी, नंतर १९९०ला इंग्लंडच्या मोटरसिटी लेबलवर शेवटचा अल्बम आला आणि त्याच वर्षी तिला घशाचा कॅन्सर असल्याचं कळलं, १९९२ला ती गेली. हे माहीत असताना ती नंतरची रेकॉर्डिंग्ज तुम्ही 'थकलेला आवाज' म्हणून बाजूला ठेवू शकाल असं मला वाटत नाही. मला नाही जमत. ती बाई त्या वयात तिथे उभी राहून गायलीये, कुणीतरी ते जपून ठेवायलाच पाहिजे आणि मोठ्या कंपन्या ते करणार नाहीत, कारण त्यांच्या तिजोरीत मूळ टेप आहे.

प्रश्न: पेन्शनर आहे, बजेट मर्यादित. सुरुवात कुठून करू आणि काय टाळू?
– नाशिकरोड

उत्तर: सुरुवात ॲन पीबल्सपासून करा. तिचं 'आय कान्ट स्टँड द रेन' हे १९७३चं, मेम्फिसला विली मिचेलच्या रॉयल स्टुडिओत झालेलं, सुरुवातीला इलेक्ट्रिक टिंबालींवर (हा ड्रमचाच एक प्रकार) पावसाच्या थेंबांसारखा टपटप आवाज, तो एकदा ऐकला की विसरत नाही. आधी ते ऐका. मग तिचा २००६चा 'ब्रँड न्यू क्लासिक्स' शोधा, त्यात तिने जुनी गाणी अकूस्टिक साथीवर परत गायलीयेत. हा मला सगळ्यात प्रामाणिक प्रकार वाटतो, मूळ रेकॉर्डिंगसारखं वाजवायचा प्रयत्नच नाही, नावातच सांगितलंय की नवीन आहे, ऐकणाऱ्याला कुठे अंधारात ठेवलेलं नाही. २०१२ला तिला स्ट्रोक आला आणि गाणं थांबलं, त्यामुळे हा अल्बम अजूनच मोलाचा.

मग डिऑन वॉरविक. तिने एकापेक्षा जास्त वेळा हे केलंय, २००६च्या 'माय फ्रेंड्स अँड मी'मध्ये इतर गायिकांबरोबर जुने हिट गायले, आणि २०१२ला पन्नास वर्षं झाली म्हणून निर्माता फिल रामोनकडून 'नाऊ' हा अल्बम करून घेतला. दोन्हीतला एकच घ्यायचा तर मी 'नाऊ' घेईन, तिथे तिला एकटीला ऐकायला मिळतं. स्मोकी रॉबिन्सनचा २०१४चा 'स्मोकी अँड फ्रेंड्स' लोकांना आवडतो, एल्टन जॉन वगैरे मोठी नावं आहेत, पण मला त्यात पाहुणे जास्त आणि यजमान कमी वाटतो, उधार मिळाला तर ऐका. विल्यम बेलचा 'धिस इज व्हेअर आय लिव्ह' २०१६चा, त्याला ग्रॅमी मिळालं, त्यात 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' आहे जे त्याने बुकर टी. जोन्ससोबत ब्लूज गायक अल्बर्ट किंगसाठी १९६७ला लिहिलं होतं. म्हणजे काटेकोरपणे हे री-रेकॉर्डिंग नाही, लिहिणारा अर्ध्या शतकाने स्वतः गातोय, पण माझ्या कपाटात ते याच रांगेत आहे आणि तिथेच राहणार.

मोटरसिटी वेगळं प्रकरण आहे. इयान लेवाइन हा इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल मेका या क्लबचा गाजलेला नॉर्दर्न सोल डीजे (उत्तर इंग्लंडच्या क्लबांत नाचायला लावायचं जुनं, दुर्मिळ सोल ते नॉर्दर्न सोल), त्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी मोटाऊनचे विसरले गेलेले गायक शोधून काढले, शंभराहून जास्त लोकांना परत माइकसमोर उभं केलं, किम वेस्टन, ब्रेंडा हॉलोवे, काँटूर्स, मार्व्हलेट्स. जुनी गाणीही आणि नवीनही. त्यातला संगीताचा भाग मला जड जातो, ड्रम मशीन आणि कीबोर्ड एकाच साच्यातले, पंधरा मिनिटांनी कंटाळा येतो. पण या माणसाने हे केलं नसतं तर यातल्या कित्येक जणांचा त्या वयातला आवाज कुठेच राहिला नसता, त्यामुळे संगीत सहन करा, आवाज ऐका. सगळं घ्यायच्या मागे लागू नका, आवडत्या दोन-तीन गायकांचं घ्या.

टाळायचं काय? ग्रुपच्या नावाने असलेली स्वस्त कलेक्शन्स जपून घ्या. ड्रिफ्टर्स हे नाव गायकांच्या मालकीचं नव्हतंच, मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेलच्या मालकीचं होतं, १९५८ला त्याने सगळ्या गायकांना काढून दुसराच ग्रुप त्या नावाने उभा केला, त्यातूनच बेन ई. किंग पुढे आला. त्यामुळे 'ड्रिफ्टर्स' लिहिलेल्या नंतरच्या रेकॉर्डवर नक्की कोण गातंय ते आधी बघा. सॅम अँड डेव्ह या जोडीचंही तसंच, ऐंशीच्या दशकात डेव्ह प्रेटर दुसऱ्याच एका सॅमला, सॅम डॅनियल्सला घेऊन कार्यक्रम करायचा. खरा सॅम म्हणजे सॅम मूर, त्याने १९८६ला सिनेमासाठी 'सोल मॅन' परत गायलं तेही रॉक गायक लू रीडबरोबर, ते मात्र मिळालं तर घ्या, दोन अगदी वेगळ्या जातीचे आवाज आहेत आणि सॅम त्यात आजिबात मागे हटत नाही.

प्रश्न: देवळाली कॅम्पात आजोबांच्या बंगल्यात इंग्रजी एलपी सापडल्या, काहींवर पांढरी बुरशी. पावसाळा तोंडावर आलाय. काय करू?
– एक वाचक

उत्तर: उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक रचू नका, वाकतात. भिंतीला टेकवू नका, नि जमिनीपासून वर ठेवा. आतली जुनी प्लास्टिकची किंवा कुबट वासाची पिशवी काढून नवीन कागदी इनर घाला, बुरशी तिथूनच परत येते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ सुती कापड, खाचांच्या दिशेने गोल पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत पुसून सावलीत वाळवा. मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नका. त्यात लाखेच्या जुन्या ७८च्या तबकड्या असतील तर स्पिरिट किंवा अल्कोहोल बिलकुल लावू नका, लाख विरघळते. आणि त्यात सोल काय काय आहे ते कळवा, खरंच उत्सुकता आहे.

प्रश्न: दुकानदार 'सिक्स्टीजचा ओरिजिनल माल' म्हणून जास्त पैसे मागतात. घ्यायच्या आधी कसं ओळखायचं? तिथे लावून दाखवत नाहीत.
– कॉलेज रोड

उत्तर: लावून दाखवत नसतील तर मागची बाजू वाचा. लेबलचं नाव पहिलं बघा, पर्सी स्लेजचा काळ अटलांटिकचा, मेरी वेल्सचा मोटाऊनचा, आणि तुमच्या हातातल्या कव्हरवर भलतंच नाव असेल आणि 'यांच्या परवानगीने' अशी मूळ कंपनीची ओळ कुठेच नसेल तर बहुतेक वेळा रेकॉर्डिंग नंतरचं असतं. 'न्यू स्टिरिओ रेकॉर्डिंग' असं लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला. एका डिस्कवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या वीस गायकांचे वीस मोठे हिट आणि किंमत अगदी कमी असेल तरी तोच अंदाज बांधा, एवढ्या मास्टर्सची परवानगी त्या भावात मिळत नाही. एलपी असेल तर लेबलच्या कडेला गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर मोबाईलवर फोटो काढून घ्या, घरी येऊन डिस्कॉग्ज या रेकॉर्डांची यादी असलेल्या वेबसाइटवर टाका, कुठलं प्रेसिंग, म्हणजे कुठली छपाई, ते बहुतेक वेळा सापडतं, मग दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या.

आणि नंतरचं रेकॉर्डिंग निघालं म्हणून लगेच सोडू नका, फक्त ओरिजिनलचा भाव देऊ नका. घरी आणलं की आतल्या कागदावर पेन्सिलने गायकाचं त्या वेळचं वय, वर्ष कळलं तर वर्ष, आणि मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष असं लिहून ठेवा, पुढे तुमच्याकडून जो घेईल त्याला परत हीच शोधाशोध करावी लागणार नाही.